दोन डाव्या बाह्या

आमच्या ॲन आर्बरमध्ये ऑक्टोबर आला हे लोकांना झाडांवरून कळतं. मला ते कपाटावरून कळतं. जाड जॅकेटं बाहेर काढायला जिन्याखालच्या कपाटात हात घातला की आत कोंबलेली खारीची शेपटी अचानक हातावर पडते आणि मी किंचाळते. यंदाही किंचाळले. माझा नवरा अनिरुद्ध वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता. त्यानं स्वतःला म्यूट केलं आणि वरूनच ओरडून विचारलं, "शेपटी का?" मी म्हटलं, "शेपटी." तो परत मीटिंगमध्ये गेला.

ही शेपटी मी शिवलेली आहे. म्हणजे मी सांगते म्हणून ती शेपटी आहे. पाहुण्यांपैकी एकानं तिला दुधी भोपळा म्हटलं होतं, आणि एका सभ्य गृहस्थांनी, ते मानेखाली घ्यायचं असेल असं समजून, सोफ्यावर बसल्याबसल्या खरोखरच मानेखाली घेतलं होतं. आत जुन्या उशीचा कापूस आहे. तो एका टोकाला जाऊन बसलाय आणि तीन वर्षं झाली तरी परत यायला तयार नाही.

तीन वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर. आता आठवायला बसलं की तो सरळ रांगेत येत नाही. कधी आधी सफरचंदाच्या सायडरचा वास येतो आणि त्यासोबतच्या गरम डोनटची बोटांना चिकटणारी साखर, कधी आधी मशीनच्या तेलाचा वास येतो, आणि तो तर इथला नाहीच. तो अमरावतीचा. मी दोन्ही वासांच्या मध्ये उभी असते आणि नेमकी कुठल्या स्वयंपाकघरात आहे हे कळायला जरा वेळ लागतो.

झालं होतं असं की रेवा तेव्हा सात वर्षांची होती आणि हॅलोविनला तिला खार व्हायचं होतं. आमच्या गावात खारी इतक्या आहेत आणि इतक्या लठ्ठ आहेत, की मुलांना मोठेपणी काय व्हायचं विचारलं तर डॉक्टरच्या आधी खारीचं नाव येईल. मी म्हटलं, आणू की दुकानातून. तर म्हणाली, "नो, आई. स्टोअरचं नको. मॅडीची मॉम स्वतः बनवते." मग जरा विचार करून, "आजी शिवायची ना? देन यू कॅन टू."

चार वर्षांच्या ईशानला स्टॉप साइन, म्हणजे चौकातली 'थांबा'ची पाटी, व्हायचं होतं. त्याला पुठ्ठा आणि लाल रंग पुरला. ते मूल पहिल्यापासून समजूतदार.

मी रेवाला "मला येत नाही" असं सांगायला हवं होतं. ते खरंही होतं. पण सात वर्षांच्या मुलीनं इतक्या खात्रीनं आपल्याकडे बघितलं की माणसाला स्वतःबद्दल भलतेसलते गैरसमज होतात. माझी आई सत्तावीस वर्षं शिवत होती. थोडंफार रक्तातून आलंच असेल, असा माझा हिशेब. पुढच्याच रविवारी दोन गल्ल्या पलीकडच्या गराज सेलमधून मी एक मशीन उचलून आणलं. अनिरुद्ध म्हणाला, "बरं. प्लॅन काय आहे?" तो मूळचा पुण्याचा आहे आणि त्याच्या मते शेपटीलाही प्लॅन लागतो.

रक्तातून सरळ टीप येत नाही हे पहिल्या संध्याकाळीच कळलं. म्हणून लायब्ररीतल्या शिवणवर्गाला नाव घातलं.

दर मंगळवारी संध्याकाळी सहाला. आम्ही पाच बायका, एक निवृत्त दाताचे डॉक्टर आणि शिकवायला बार्ब. बार्ब सत्तरीची, पांढऱ्या केसांची, कायम हसरी. गळ्यात मोजायची टेप. ती टेप बघून मी पहिल्या दिवशी दारातच थबकले. माझ्या आईच्या गळ्यात ती अशीच असायची. जेवतानासुद्धा, आणि एकदा तर आमच्या शाळेच्या बक्षीससमारंभातसुद्धा. पण आईच्या चेहऱ्यावर, टेप गळ्यात असताना, मी हसू पाहिल्याचं आठवत नाही. दातात टाचण्या धरून कोण हसेल?

बार्ब म्हणायची, "ब्रीद, शुभा. धिस इज सपोज्ड टू बी फन." मी श्वास घ्यायचे आणि गोंधळून जायचे. त्या यंत्राशेजारी फन बसलेली मी कधी बघितली नव्हती.

शिवणातला मुख्य घोटाळा उलट-सुलटीचा. कापडाची चांगली बाजू चांगल्या बाजूला लावायची, म्हणजे दोन्ही तोंडं आत. वाईट बाजूनं शिवायचं, मग उलटवायचं, म्हणजे ते सुलट होतं. हे ऐकताना मी मान डोलवायचे. कामावर मी वीस वर्षं लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आहे, लोक मला बघून दचकतात. आणि माझ्या पहिल्या पिशवीचं तोंड मी आतून शिवून बंद केलंय हे मला त्या दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं. फार हळुवारपणे सांगितलं. दाढ काढावी लागेल असं सांगतात तसं.

अमरावतीच्या आमच्या दीड खोलीत मशीन खिडकीशी होतं. काळं, पायाचं, वरची सोनेरी फुलं आईच्या मनगटानं पुसली गेलेली. नवरात्र बसलं की ब्लाउज यायला लागायचे. साडीच्या घडीत कापड, कापडाला टाचणीनं लावलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर, "गळा मागच्यापेक्षा थोडा मोठा, पण जास्त नको." गठ्ठे खाटेवर, खाटेखाली, तांदळाच्या डब्यावर. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास अंथरुणाला यायचा. मी त्याच खोलीत, मशीनवरच्या दिव्याच्या उजेडातच अभ्यास करायचे. माझी सगळी बीजगणितं आईच्या पायाखालच्या पायट्याच्या लयीत सुटलेली आहेत. पायटा थांबला की माझंही गणित थांबायचं, आणि आई मान न वळवता म्हणायची, "काय झालं? वाच ना."

गल्लीतल्या बाकी सगळ्या मुली काही ना काही हातानं करायच्या. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "पोरीला हुका लावायला तरी बसव वं." आई म्हणायची, "तिला नाही येत."

मला राग यायचा. हुका लावण्यात काय आहे? त्या गेल्यावर मी म्हणायचे, "येतं मला."

"येत असलं तरी येत नाही म्हणायचं," आई म्हणायची. "येते म्हटलं की करावं लागते."

सातवीत असताना एकदा ती दोरा आणायला गेली आणि मी मशीनवर बसले. वर्तमानपत्राचा कागद सुईखाली सरकवला आणि पाय मारला. काय सुख होतं ते! पानभर भोकांची रांग, अगदी सरळ. आई दारात केव्हा आली ते कळलं नाही. ती रागावली नाही. तिनं तो कागद घडी करून चुलीपाशी ठेवला, मग खाली वाकून मशीनचा चामड्याचा पट्टा चाकावरून काढला आणि आपल्या भाजीच्या पिशवीत टाकला. त्यानंतर ती बाहेर जाताना पट्टा सोबत घेऊनच जायची. परत आली की पिशवीतून मेथी काढायची, टमाटे काढायची आणि मशीनचा पट्टा काढायची.

मागच्याच आठवड्यात, यंदाच्या वर्षी, दहा वर्षांची रेवा माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. आता तिला खार वगैरे नको आहे. हॅलोविनला ती काळी हुडी घालणार आहे आणि हुडी म्हणजेच कॉस्च्यूम आहे असं तिचं म्हणणं. पण मशीनकडे बघत म्हणाली, "कॅन आय ट्राय?" आणि मी बघते तर माझा हात प्लगकडे गेलेला. का गेला, मला अजून सांगता येत नाही. मी तो तिथून काढला, पण तोंडातून "होमवर्क झालं का?" निघून गेलंच.

तर, तो ऑक्टोबर. आईला मी मशीनबद्दल सांगितलं नव्हतं. दर रविवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉल होतो, आणि त्याआधी मी मशीनवर ईशानचं डायनोसॉरचं पांघरूण टाकायचे. लोक आईवडिलांपासून सिगारेट लपवतात. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी शिलाई मशीन लपवत होते. तिकडे आईनं डोळ्यांमुळे शिवणं कधीच सोडलं होतं. तिच्या मशीनवर आता टीव्ही ठेवलेला आहे, आणि टीव्हीखाली तिनंच शिवलेली झालर.

एका रविवारी मी पोहे परतत असताना ईशान फोन घेऊन घरभर फिरला. "आजी, सी! आईज मशीन! इट गोज डडडडडड!" आणि पांघरूण ओढलं.

मी गॅस बंद केला. मग आई म्हणाली, "कोणाची आहे ती?"

"माझीच," मी झारा हातात घेऊन धावत आले.

"बरं," आई म्हणाली. मग पोह्यांत दाणे घातले का विचारलं आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांनी अनिरुद्ध वरून खाली आला. चेहरा गोंधळलेला. नऊ वर्षांच्या संसारात आईनं त्याला स्वतःहून फोन केल्याचा हा पहिलाच प्रसंग. "आईंनी विचारलं, सगळं ठीक चाललंय ना. मी म्हटलं, हो, फक्त छपराच्या गटरमधली पानं काढायची राहिलीत."

"मग?"

"मग म्हणाल्या, लपवू नका जावईबापू. शुभाची नोकरी कधी गेली?"

मी हसले आणि मग मला हसू येईना. आईच्या जगात बाई मशीनवर बसते ती दुसरा रस्ता संपला की. बाबा गेल्यावर ती स्वतः तशीच बसली होती, मी सहा वर्षांची असताना. टीव्हीवर कंपन्या माणसं काढतायत असं ती रोज बघत होती, आणि मग नातवानं पांघरूण ओढलं. तिनं सरळ बेरीज केली होती.

मी लगेच फोन लावला. "आई, नोकरी आहे माझी. मी छंद म्हणून शिवते."

"छंद."

"हो. इथं बायका हौसेनं शिकतात."

"शिवायची हौस?"

"हो."

"काहून?"

मी म्हटलं, "रेवाला खार व्हायचंय, तिचा ड्रेस शिवतेय." रेवा मागून फोनमध्ये घुसली, "आजी, विथ अ टेल!" आई म्हणाली, "पट्टे काढशील ना पाठीवर?" रेवा म्हणाली, "अवर स्क्विरल्स डोन्ट हॅव स्ट्राइप्स, आजी." बिनपट्ट्याच्या खारी ही बातमी आईनं कशी घेतली कळलं नाही, कारण रेवा गेल्याबरोबर तिनं आवाज खाली आणला.

"बाहेरचं तर शिवून नाही राहिली ना?"

"नाही गं."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

त्या दिवशी ते खरं होतं.

मला तिला एवढंच सांगायचं होतं की मला हे आवडतंय. शेपटी भोपळ्यासारखी होत होती, झिप आत शिवली जात होती, तरी आवडत होतं. पायाखालचं बटण दाबलं की कापड सुईखालून सरकायला लागतं, आणि डोक्यात एरवी जी तीस माणसं एकदम बोलत असतात ती एकेक करून गप्प होतात. पण हे तिला कसं सांगायचं? एखाद्या बाईनं आयुष्यभर डोक्यावरून पाणी वाहिलं, का, तर मुलीला वाहावं लागू नये. आणि मुलीनं घरात नळ असताना हौस म्हणून घागर घेऊन अंगणात मिरवायचं? तिला त्यात आपली हार दिसली असती, की आपली मुलगी दिसली असती? मी दर रविवारी बोलायचं ठरवायचे आणि दर रविवारी पोह्यांवर विषय जायचा.

त्यातच वैशाली आली. वैशाली ठाण्याची, आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची सर्वेसर्वा. रविवारच्या मराठी शाळेत रेवा जीन्सवर शेपटी बांधून गेली होती, ती हिनं पाहिली. "शुभा, तुला शिवता येतं? यार, तू देवासारखी भेटलीस! माझा जांभळा सिल्कचा ब्लाउजपीस तसाच पडलाय. शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या शिंप्याला फोन केला, तो दिवाळीपर्यंत बुक आहे. कार्यक्रम दोन आठवड्यांवर. येतो ना तुला ब्लाउज?"

शेपटी बघून ब्लाउज द्यायला निघालेली बाई कितपत विश्वासाची, हा प्रश्न मला पडायला हवा होता. आणि उत्तर तर मला लहानपणापासून पाठ करून घेतलेलं होतं. दोनच शब्द. येत नाही.

मी म्हटलं, "येतो."

म्हणताना अंगावरून जे काही गेलं, ते मला पहिला पगार झाला तेव्हाही गेलं नव्हतं.

तिचा मापाचा ब्लाउज घेऊन मी कागदावर उतरवला. पाठ कापली, पुढचे भाग कापले, अस्तर लावलं, सगळं कसं झोकात. बाह्या दोन. एक कापली, जरीचा काठ खाली ठेवून, अगदी देखणी. मग तोच कागद तसाच उचलून कापडावर पुढे ठेवला आणि दुसरी कापली. तीही देखणी. शिवताना कळलं की दोन्ही देखण्या बाह्या डाव्या हाताच्या आहेत. बाहीचा पुढचा भाग जास्त खोलगट कापायचा असतो, मागचा कमी, म्हणून एक कापून झाली की कागद उलटा ठेवायचा असतो. हे बार्बच्या शेपटीत नव्हतं. शेपटीला डावं-उजवं नसतं.

मी उजव्या जागी डावी बाही तरीही लावून बघितली. ब्लाउज अंगात घातला तर उजवा हात आपोआप वर गेला आणि वरच राहिला. ईशान टाळ्या वाजवत म्हणाला, "आई इज अ स्टॉप साइन टू!" अनिरुद्धनं फक्त एवढंच विचारलं, "वैशालीनं ओवाळायचंय ना कार्यक्रमात? मग चालेल की."

नवं कापड नव्हतं. काठ तर संपलाच होता. उरला होता एक वीतभर तुकडा आणि एकच बाई, जिला हे विचारता येईल. आणि तिची मी शपथ घेतली होती.

शनिवार होता. सकाळपासून गावात विद्यापीठाच्या फुटबॉल मॅचची गर्दी. आमच्या गल्लीतले लोक त्या दिवशी आपापल्या हिरवळीवर परक्यांच्या गाड्या लावून घेतात. सगळीकडे निळे-पिवळे कपडे, भाजणाऱ्या कणसांचा धूर, लांबून ढोलांचा आवाज. बाहेर अनिरुद्ध पानं ओढत होता. मी डायनिंग टेबलावर ब्लाउज पसरला आणि अमरावतीला फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजत आलेले, आई निजायच्या आधी निरांजनाची वात सारखी करत होती.

मी सगळं एका दमात सांगितलं. वैशाली, सिल्क, कार्यक्रम.

आई म्हणाली, "शपथ घेतली होती तू."

"घेतली तेव्हा काम घेतलं नव्हतं."

तिनं वात खाली ठेवली. मला वाटलं ठेवते फोन. बाहेर कुणीतरी भोंगा वाजवला. मग ती म्हणाली, "चुकलं काय?"

"बाही."

"कोणती? डावी का उजवी?"

"दोन्ही डाव्या आहेत, आई."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि लगेच गेलं. "फोन उभा ठेव कशाला तरी टेकून," ती म्हणाली. "तोंड नको दाखवू. हात दाखव. थांब, चष्मा आणते."

पुढचे दोन तास मी आईला ओळखलं नाही. म्हणजे मीच तिला पहिल्यांदा समोरून बघत होते. लहानपणी मला तिची पाठ दिसायची. ती उसव म्हणाली की मी उसवत होते. "टाका एवढा बारीक काहून घेतला? उसवताना जीव जाते."

"बार्बनं सांगितलं."

"कोण बार्ब?"

"शिकवते ती. लायब्ररीतली."

"तिला ब्लाउज येते का?"

"नाही."

"मंग."

उसवलेली बाही तिनं मला कॅमेऱ्यासमोर धरून फिरवायला लावली. जिथं खोल हवं तिथं नव्यानं खोल कापायला सांगितलं. जिथं आधीच खोल गेलं होतं तिथं त्या वीतभर तुकड्याचा जोड, अगदी काखेत, हात खाली असला की कुणाला दिसणार नाही असा. "खडू घे. त्याच्यावर नको, बाजूनं. आता कातर. भिऊ नको, कापड घाबरलेल्या हाताला ओळखते." तिचे हात तिकडे हवेत चालत होते. मधेच एकदा सगळं गाव गरजलं, खिडकीची काच थरथरली.

"काय झालं?" आई दचकली.

"मॅच आहे. आपल्या लोकांनी गोल केला."

"बरं. मुंढा धर, बाही जिथं बसते तो."

बाही बसली. मी टीशर्टावरच ब्लाउज चढवला. हात वर केला, पुढे केला, आई म्हणाली पदर घेतल्यासारखं कर, तेही केलं. हात जिथं नेला तिथं गेला आणि खालीही आला. रेवा म्हणाली, "वॉव." मी पडद्याकडे बघत राहिले. दोन तासांत पहिल्यांदाच मी पूर्ण दिसेन अशी उभी होते, आणि मला सातवीतल्या मुलीसारखं वाटत होतं.

आईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तिला सांग, शिंप्याकडून करून आणलं," ती म्हणाली.

"का?"

"नाहीतर पुढच्या आठवड्यात चार येतील."

आता हे कौतुक होतं, की बंदी? शिंप्यानं केल्यासारखं झालंय असं म्हणत होती, की माझं नाव यातून पुसून टाक असं सांगत होती? मी दोन्ही अर्थ हातात धरून उभी राहिले. शेवटी ठरवलं की आत्ता नाही तर कधीच नाही. म्हटलं, "आई, मला आवडतं हे. खरंच आवडतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर थोडी सरकली. "डावी बाही पण झोळ खाऊन राहिली," ती म्हणाली. "ती उद्या उसवू. उद्या याच टायमाला लाव फोन."

मी म्हटलं, "बरं."

"पाठ दुखते का?"

मला माहीत होतं की याचं बरोबर उत्तर "नाही" आहे. नोकरी ठीक, तब्येत ठीक, पाठ ठीक. परदेशातली मुलं आईला हेच सांगतात. मी म्हटलं, "दुखते."

"कुठं?"

मी पाठ वळवली आणि हात मागे नेऊन दाखवलं. उजव्या खांद्याच्या खाली, हाडाच्या आतल्या बाजूला.

"तिथंच," आई म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. मग, "ईशान कुठं आहे? वजन किती आहे त्याचं?"

"चाळीस पाउंड."

"मला नको सांगू पाउंड."

"अठरा किलो, आई."

"पुरते. तू पण तेवढीच होती. पालथी पड."

मी गालिच्यावर पालथी पडले. नाकाशी जांभळ्या दोऱ्यांचे तुकडे होते, आणि एक टाचणी, ती मी जिभेनं नाही पण जवळजवळ उचललीच. ईशानला आईच्या पाठीवर उभं राहायची अधिकृत परवानगी मिळाली होती. तो मोजे घालून, आनंदानं थरथरत चढला. रेवानं फोन वरून धरला. मला आता आई दिसत नव्हती. फक्त आवाज येत होता, कमरेच्या वर कुठून तरी, आणि त्या छोट्या टाचांचं वजन. आणि एवढ्याशा पायांखाली बाईच्या पाठीला काय वाटतं हे मला पहिल्यांदाच कळत होतं, कारण अमरावतीत, रात्री मशीन थांबलं की, आईच्या पाठीवर पाय देऊन उभी राहणारी मी होते. आवाजावरून तिचं काय चाललंय याचा मला अंदाज येईना. तो जरा ओला होता, की नेटवर्क खराब होतं?

"आजी सेज लेफ्ट, ईशान. नो, युअर अदर लेफ्ट."

"तिथं. तिथं दाब दे," आई म्हणत होती. "हळू, बाळा. खांद्यावर नको जाऊ. उद्या तिला डावी बाही लावायची आहे."